मैदानाच्या मोबदल्यात इमारत: नाशिकमधील एका मनपा शाळेचे प्रकरण

नाशिकमध्ये सातपूर आणि अंबड या दोन औद्योगिक वसाहतींच्या मधल्या कामगार वस्तीत महानगरपालिकेची मराठी माध्यमाची एक प्राथमिक शाळा आहे. तिच्या जीर्ण इमारतीच्या जागी नवी इमारत कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या अटींवर बांधायची, हा प्रश्न 2023-24 या शैक्षणिक वर्षात ऐरणीवर आला आणि खासगी भागीदारीचे दोन अगदी वेगळ्या जातकुळीचे प्रस्ताव जवळजवळ एकाच वेळी शाळेसमोर येऊन ठेपले. त्या प्रस्तावांची छाननी कशी झाली, कोणत्या बाबी आधी नजरेतून सुटल्या होत्या आणि अखेर काय ठरले, याचा हा वृत्तान्त आहे. शाळा, कंपनी व विकसक यांची नावे येथे दिलेली नाहीत. प्रस्तुत लेखक शाळा व्यवस्थापन समितीच्या विनंतीवरून कागदपत्रे वाचून त्यांचा अर्थ पालकांना समजावून देण्याचे काम करत होता; त्यामुळे हे लेखन शाळेच्या बाजूने झाले आहे, हे वाचकाने आधीच गृहीत धरावे.

शाळेची परिस्थिती

शाळेची तळमजल्याची इमारत महापालिकेच्या सुरुवातीच्या काळातली आहे. नाशिक नगरपालिकेची महापालिका 1982 मध्ये झाली आणि आजूबाजूच्या गावांचा शहरात समावेश होऊन कामगार वस्ती वाढू लागली, तेव्हा पटसंख्येच्या मागे धावत वर्गखोल्या बांधल्या गेल्या. पहिला मजला नंतर चढवला गेला, आणि पुढे सर्वाधिक त्रास त्याच मजल्याने दिला. वरच्या चार खोल्यांच्या छताचा गिलावा पावसाळ्यात सुटून पडू लागला. आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या आणि त्यांनीच काँक्रीटला आतून तडे पाडले होते. भिंतीला हात लावला तरी ओल जाणवत असल्यामुळे बाई मुलांना खोलीच्या मधोमध बसवत असत. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये या खोल्या वापरास अयोग्य ठरल्या, त्यांना कुलूप लागले आणि शाळा दोन अधिवेशनांत भरू लागली. सकाळची मुले सुटण्याची आणि दुपारची येण्याची वेळ एकच असल्याने पोषण आहाराची पंगत रोज या दोन गर्दींच्या मध्ये सापडत असे.

पालकांपैकी बरेचजण सुट्या भागांच्या लहान कारखान्यांत कंत्राटी कामावर आहेत. पेठ, सुरगाणा, खानदेश आणि उत्तर भारतातून आलेली ही कुटुंबे आहेत. दोन अधिवेशनांमुळे एकाच घरातली दोन भावंडे वेगवेगळ्या वेळी शाळेत जाऊ लागली आणि धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा बुडू लागली. इमारतीच्या प्रश्नाचा हा परिणाम कोणत्याही तांत्रिक अहवालात आला नाही. मुख्याध्यापिका बाईंनी तो हजेरीपटावरून दाखवून दिला.

शाळेचा भूखंड मात्र भाग्यवान, किंवा दुर्दैवी, जागी आहे. तो मोठ्या रस्त्याला लागून आहे आणि वसाहतींमधल्या रहदारीमुळे त्या रस्त्यालगतच्या गाळ्यांना चांगली मागणी आहे. शाळेमागे एक अरुंद गल्ली आहे, जिथे टेम्पो उभे करून माल चढवला-उतरवला जातो. इमारत आणि रस्ता यांच्या मध्ये मैदान आहे. आसपासच्या वस्तीत मुलांना खेळायला दुसरी मोकळी जागा नाही.

प्रस्ताव आले, पण ते तपासणारे सभागृह नव्हते

या प्रकरणातील एक परिस्थिती नीट ध्यानात घेतली पाहिजे. नाशिक महापालिकेतील लोकनियुक्त सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि प्रशासकीय राजवट सुरू झाली. एरवी असा विषय स्थायी समितीत आणि महासभेत येतो, नगरसेवक त्यावर बोलतात, विरोधक आकडे मागतात आणि वर्तमानपत्रांत त्याची बातमी येते. या काळात आयुक्त, स्थायी समिती आणि महासभा या तिन्हींचे अधिकार प्रशासकाच्या हाती एकवटले होते. कोणाच्या हेतूवर शंका घेण्यासाठी हे लिहिलेले नाही. महापालिकेच्या कायद्यातील कलम 79 नुसार महापालिकेची मिळकत भाडेपट्ट्याने देताना चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदला घेता येत नाही आणि त्यासाठी महासभेची मान्यता लागते. त्यामुळे नागरिकांच्या प्रतिनिधींनी प्रश्न विचारण्याची नेमकी जी जागा कायद्याने ठेवली आहे, तीच त्या काळात रिकामी होती.

उरली ती शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. कलम 22 नुसार समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करायचा असतो आणि निधीचे नियोजन त्याच्या आधारे व्हायचे असते. बहुतेक शाळांत ही समिती सह्यांपुरती असते, आणि आपल्या शिक्षणव्यवस्थेतील हा फार मोठा अपव्यय आहे असे माझे मत आहे. या शाळेतही आधी तेच चालले होते. पण खोल्यांना कुलूप लागले आणि समिती खऱ्या अर्थाने बसू लागली. अध्यक्षपदी एका कारखान्यात तपासणी विभागात काम करणाऱ्या एक ताई होत्या. मोजमाप, त्यातली चालणारी तफावत आणि नाकारलेला माल हे त्यांचे रोजचे काम होते.

पहिला प्रस्ताव: दत्तक शाळा

राज्य शासनाने 18 सप्टेंबर 2023 रोजी दत्तक शाळा योजनेचा शासन निर्णय काढला. कंपनी, संस्था किंवा व्यक्ती शासकीय अथवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेचे पालकत्व 5 किंवा 10 वर्षांसाठी घेऊ शकते. मदत वस्तू व सेवा यांच्या रूपात द्यायची असते. रोख देणगी चालत नाही. देणगीदाराला सर्वसाधारण पालकत्व घेता येते, किंवा ठरावीक मूल्याची मदत करून शाळेच्या नावाला आपले नाव जोडून घेता येते. अ आणि ब वर्ग महापालिकांच्या क्षेत्रात नामकरणासाठी हे मूल्य 5 वर्षांना 2 कोटी व 10 वर्षांना 3 कोटी रुपये आहे, तर ग्रामीण भागात ते अनुक्रमे 50 लाख व 1 कोटी आहे. नाशिक ब वर्गात मोडते.

अंबडच्या एका कंपनीने स्वच्छतागृहे, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, प्रयोगशाळा आणि डिजिटल फळे देण्याची तयारी दाखवली. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार विशिष्ट आकारापुढील कंपन्यांना मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते. हा निधी त्यातला होता. प्रस्ताव सरळ होता आणि मांडणारे अधिकारी मनापासून बोलत होते. अडचण एवढीच होती की शाळेची पहिली गरज छत ही होती आणि प्रस्तावात छत नव्हते. पडक्या खोल्यांवर रंग देऊन त्यांत डिजिटल फळा बसवण्यात अर्थ नाही, हे कंपनीलाही पटत होते. परंतु सामाजिक दायित्वाचा निधी वर्षाच्या हिशेबात बसवावा लागतो आणि इमारत बांधणे हे अनेक वर्षांचे काम असते, त्यामुळे त्यांचा कल लवकर पूर्ण होणाऱ्या, मोजता येणाऱ्या वस्तूंकडे होता.

या योजनेवर त्या वर्षी राज्यभर टीका झाली. शासन आपली जबाबदारी झटकत आहे आणि शाळा कंपन्यांच्या हाती जातील, हा आक्षेप प्रमुख होता. नाशिक जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेचे पालकत्व मद्यनिर्मितीशी संबंधित कंपनीकडे गेल्यावरून तर मोठे राजकीय वादळ उठले. समितीत त्याचे पडसाद उमटले. काही पालकांना कंपनीचे नावच नको होते; काहींचे म्हणणे असे की पोरांना मुतारी मिळत असेल तर पाटीवर कोणाचेही नाव असू दे. दोन्ही मतांना आधार होता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 नुसार शाळेची इमारत, शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य पुरवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि कोणी देणगी दिली म्हणून ते कर्तव्य संपत नाही. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टातले मुलामुलींसाठीचे स्वतंत्र स्वच्छतागृह वर्षानुवर्षे मिळत नसेल, तर मदत नाकारण्याची किंमत मोठ्या मुलींना मोजावी लागते.

दुसरा प्रस्ताव: बांधा, वापरा, हस्तांतरित करा

एका विकसकाने सल्लागारामार्फत आणलेला दुसरा प्रस्ताव आकाराने मोठा आणि दिसायला देखणा होता. महापालिकेने एक रुपयाही खर्च करायचा नाही. विकसक मागच्या बाजूला तळमजला अधिक तीन मजल्यांची नवी शाळा स्वतःच्या पैशाने बांधून देईल. त्या बदल्यात रस्त्याकडील पट्टा त्याला 30 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळेल आणि तिथे तो व्यापारी गाळे काढेल. मुदत संपल्यावर गाळ्यांसह सगळे महापालिकेचे. नव्या शाळेत लिफ्ट, सभागृह आणि गच्चीवर जाळी लावलेले 'क्रीडाक्षेत्र' दाखवले होते.

सल्लागाराने सादरीकरणात समावेशक आरक्षणाचा दाखला दिला. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत ती तरतूद आहे: खासगी मालकाच्या जमिनीवर शाळेचे आरक्षण असेल, तर मालक जागेचा काही भाग आणि त्यावर बांधलेली सुविधा महापालिकेला विनामूल्य देतो आणि उरलेली जागा स्वतःसाठी वापरतो. संपादनासाठी पैसा नसलेल्या महापालिकांना तिचा उपयोग होतो. परंतु तिथे जमीन मालकाची असते आणि महापालिकेला जमीन व इमारत दोन्ही मिळतात. इथे जमीन मुळातच महापालिकेची, म्हणजे नाशिककरांची होती आणि तिचाच एक भाग 30 वर्षांसाठी देऊन तिच्यावरच इमारत घ्यायची होती. दोन्ही व्यवहारांत 'खर्च शून्य' असे लिहिता येते, पण ते शून्य एकसारखे नाही.

टोल नाही, तर परतावा कुठून?

खासगी भांडवल परताव्यासाठी येते, आणि त्यात गैर काही नाही. नाशिककरांना घोटीचा टोल ठाऊक आहे: रस्ता खासगी कंपनीने बांधायचा आणि वाहनचालकाने दिलेल्या पैशातून खर्च वसूल करायचा. प्राथमिक शाळेत 6 ते 14 वयाच्या मुलाकडून शुल्क घेता येत नाही. तिथे टोलनाका उभारता येत नाही. म्हणून शाळेच्या इमारतीत गुंतवलेले खासगी पैसे फक्त तीन वाटांनी परत जाऊ शकतात: सरकारने दरवर्षी हप्ता द्यावा, जमिनीचा किंवा बांधकाम हक्काचा काही भाग द्यावा, अथवा नाव व प्रतिष्ठा द्यावी. आपल्यासमोरच्या प्रस्तावातली वाट कोणती आणि ती किती वर्षे चालायची, हे सगळ्यांत आधी विचारायला हवे. समितीच्या पहिल्या बैठकीत मात्र लिफ्टबद्दल बराच वेळ बोलणे झाले आणि हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

पहिल्या वाटेचा, म्हणजे हप्त्यांचा, सर्वांत मोठा अनुभव ब्रिटनचा आहे. तिथे 1992 पासून खासगी कंपन्यांनी शाळा व रुग्णालये बांधायची, सांभाळायची आणि सरकारने 25-30 वर्षे हप्ते द्यायचे, अशी पद्धत राबवली गेली. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने 2018 मध्ये दिलेल्या अहवालात, शाळांच्या एका गटाच्या विश्लेषणानुसार हा मार्ग सरकारने थेट कर्ज काढून बांधण्यापेक्षा सुमारे 40 टक्के महाग पडल्याचे नमूद आहे. त्याच वर्षी नवे करार करणे सरकारने थांबवले. लिव्हरपूलमध्ये तर विद्यार्थी नसल्याने 2014 मध्ये बंद झालेल्या एका माध्यमिक शाळेच्या रिकाम्या इमारतीचे हप्ते तिथल्या नगर परिषदेला त्यानंतरही भरावे लागले, कारण करार मुलांच्या संख्येवर अवलंबून नव्हता. ज्या शहरात वस्ती सरकते आणि पट घटला की शाळा एकत्र केल्या जातात, त्या शहराने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

महाग का पडते, हे समितीला कागदावर दाखवणे आवश्यक होते. उदाहरणादाखल 6 कोटींची इमारत घेतली. ती रक्कम 9 टक्के दराने 15 वर्षांत फेडायची तर वार्षिक हप्ता सुमारे 74 लाख रुपये येतो. 13 टक्के दराने तोच हप्ता सुमारे 93 लाख होतो. 15 वर्षांतला फरक पावणेतीन कोटींच्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ अर्धी इमारत. खासगी कंपनीला कर्ज महाग मिळते, शिवाय तिला नफाही हवा असतो. महापालिकेची पत चांगली असेल तर तिला स्वस्त कर्ज मिळते. पुणे महापालिकेने 2017 मध्ये 7.59 टक्के दराने 200 कोटींचे कर्जरोखे काढले होते. खासगी भागीदार हा वाढीव खर्च बांधकामातील वेगाने किंवा देखभालीतल्या शिस्तीने भरून काढत असेल, तरच सौदा परवडतो. आणि तो भरून काढतो आहे की नाही, हे मोजण्याची तरतूद करारात असावी लागते.

आपल्या प्रस्तावात हप्ता नव्हता, म्हणून किंमतही नाही असा समज झाला होता. किंमत जमिनीच्या रूपात होती. रस्त्याकडील गाळ्यांचे 30 वर्षांचे उत्पन्न किती आणि त्याची आजची किंमत किती, हा तक्ता प्रस्तावाच्या कोणत्याही पानावर नव्हता. समितीने लेखी मागणी केल्यावर 'बाजारातील परिस्थितीवर अवलंबून' असे उत्तर आले. बाजारभावापेक्षा कमी मोबदला घेता येत नाही, हे कायदा सांगतो. मग बाजारभाव काढल्याशिवाय तो कमी आहे की नाही, हे कसे ठरणार? हा एक प्रश्न समितीने ठरावात घातला आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणाला त्यामुळेच वळण मिळाले.

नकाशावरचे बोट

त्याआधी एक बैठक झाली, तिची हकिकत सविस्तर सांगितली पाहिजे. दोन बाके जोडून त्यांवर प्रस्तावाचा नकाशा पसरला होता. सल्लागाराचे प्रतिनिधी मजल्यांची रचना समजावून देत होते. अध्यक्षा ताई मजल्यांकडे पाहतच नव्हत्या. त्यांचे बोट भूखंडाच्या कडेने फिरत होते. रस्त्याकडच्या बाजूला गाळ्यांची सलग रांग होती, तिच्या मधोमध ग्राहकांच्या वाहनतळाचा मार्ग होता. बोट फिरत फिरत मागच्या गल्लीत जाऊन थांबले.

"साहेब, पोरांनी आत यायचं कुठून?" त्यांनी विचारले.

शाळेचे प्रवेशद्वार मागच्या गल्लीत दाखवले होते. तीच गल्ली, जिथे सकाळी शाळा भरायच्या वेळीच टेम्पो मागे घेतले जातात. गल्लीची रुंदी नकाशावर लिहिलेली होती, पण तिथे दिवसभर काय उभे असते, हे नकाशावर लिहिलेले नसते. अग्निशमन दलाची गाडी आत कशी येईल, हा पुढचा प्रश्न एका वडिलांनी विचारला. ते वाहनचालक होते आणि त्या गल्लीत गाडी वळत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. प्रतिनिधींनी 'हे तपशील नंतर ठरवता येतील' असे सांगितले. प्रवेशद्वार हा तपशील नाही. शाळेची जागा रस्त्याकडून मागे ढकलली की मुलांचा रस्ता, हवा आणि मैदान तिन्ही एकदमच जातात, आणि गच्चीवरचे जाळीतले क्रीडाक्षेत्र म्हणजे मैदान नव्हे. तिथे एका वेळी एक वर्ग जाईल, तोही शिक्षक बरोबर असेल तर आणि जिन्याच्या दाराची किल्ली मिळाली तर. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात खेळाचे मैदान हा शाळेच्या किमान निकषांचा भाग आहे.

त्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी देखभालीचे कलम मोठ्याने वाचून दाखवले. 'किरकोळ दुरुस्ती शाळेने, मोठी दुरुस्ती विकसकाने करावी' असे एका ओळीत लिहिले होते. छत गळू लागले तर ते किरकोळ की मोठे? कोण ठरवणार, किती दिवसांत? दुरुस्ती झाली नाही तर दंड किती आणि तो कोणाकडून वसूल होणार? तिसऱ्या वर्षी विकसकाने गाळे विकून टाकले किंवा त्याची कंपनी बंद पडली, तर शाळेने कोणाचे दार ठोठवायचे? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मसुद्यात नव्हते. याच शाळेच्या वरच्या मजल्याची आज जी अवस्था आहे, ती बांधकामानंतर देखभालीची जबाबदारी कोणाच्याही नावावर नसल्यामुळे झाली आहे. नव्या करारात ती पुन्हा निनावी राहणार होती.

भिंत बांधणाऱ्यावर कोणाची नजर

बांधकामाच्या दर्जाविषयी समितीसमोर एडिनबराचे उदाहरण ठेवले होते. जानेवारी 2016 मधील वादळात तिथल्या ऑक्सगँग्ज प्राथमिक शाळेची सुमारे 9 टन वजनाची बाहेरची भिंत कोसळली. पहाटेची वेळ असल्याने कोणी सापडले नाही. खासगी भागीदारीतून बांधलेल्या इतर शाळा तपासल्यावर तसेच दोष निघाले आणि एप्रिलमध्ये 17 शाळा बंद कराव्या लागल्या. 2017 च्या चौकशी अहवालात, भिंतींचे दोन थर जोडणाऱ्या पट्ट्या गवंडीकामात पुरेशा खोल बसवल्या नव्हत्या आणि काम चालू असताना स्वतंत्रपणे पाहणी करणारे कोणी नव्हते, असे आढळले. खासगी वित्तपुरवठा हेच कारण, असे अहवालाने म्हटले नाही, आणि आपणही तसे म्हणू नये; सरकारी निविदेतून बांधलेल्या कितीतरी इमारतींची आपल्याकडे हीच गत आहे. पण भागीदारीत एक जास्तीचा धोका असतो. इमारत दुसऱ्याच्या पैशाने होत आहे, म्हणून महापालिकेचा अभियंता तिथे पाहुण्यासारखा जातो. गिलावा लागला की सळई कोणी पाहू शकत नाही.

म्हणून समितीने, कोणताही प्रस्ताव मान्य झाला तरी, बांधकामाच्या प्रत्येक टप्प्यावर त्रयस्थ संस्थेची, शक्यतो अभियांत्रिकी महाविद्यालयाची तपासणी व्हावी आणि काँक्रीट ओतण्याआधी सळ्यांची छायाचित्रे शाळेच्या दप्तरी जमा व्हावीत, ही अट लेखी दिली. ही सूचना अध्यक्षा ताईंची. कारखान्यात माल बाहेर जाण्याआधी तपासतात, ग्राहकाने परत पाठवल्यावर नव्हे, एवढेच त्या म्हणाल्या.

नाशिकची जुनी भागीदारी

या चर्चेत एक गोष्ट सहसा विसरली जाते, ती नोंदवणे मला महत्त्वाचे वाटते. शिक्षणात सरकार आणि समाज यांची भागीदारी नाशिकला नवीन नाही. 1914 मध्ये स्थापन झालेला मराठा विद्या प्रसारक समाज असो की 1918 मधली गोखले एज्युकेशन सोसायटी, अशा संस्थांनी देणग्या आणि लोकवर्गणी जमवून शाळा-महाविद्यालये उभी केली आणि पुढे अनुदानाच्या पद्धतीत शिक्षकांचे वेतन शासनाकडून आले. म्हणजे इमारत समाजाची आणि पगार सरकारचा. आज मांडल्या जाणाऱ्या प्रस्तावांत ही वाटणी नेमकी उलटी आहे: शिक्षक सरकारचे आणि इमारत खासगी. फरक केवळ वाटणीचा नाही. त्या संस्थांना गावातल्या लोकांनी पैसे दिले, ते परत मिळण्यासाठी दिले नव्हते. संस्थेत गैरकारभार झाला तर सभासद वार्षिक सभेत उभे राहून विचारू शकत होते. विकसकाच्या कंपनीच्या सभेत पालकाला जागा नाही. अनुदानित संस्थांचे दोष मोठे आहेत आणि ते सर्वांना माहीत आहेत, तरी उत्तरदायित्वाचा हा धागा त्या व्यवस्थेत होता.

मुंबई आणि पुणे महापालिकांनी वेगळा प्रयोग केला. तिथे काही मनपा शाळा चालवण्यासाठी आकांक्षासारख्या स्वयंसेवी संस्थांशी करार झाले. इमारत महापालिकेची, अध्यापनाची जबाबदारी संस्थेची. त्याचे गुणदोष निराळे आहेत आणि त्यांची चर्चा इथे अस्थानी होईल. पण तिथे जमीन व इमारत महापालिकेच्याच हाती राहिली, एवढे लक्षात घेण्यासारखे आहे.

काय ठरले

समितीच्या ठरावात तीन मागण्या होत्या: रस्त्याकडील पट्ट्याचे शासकीय मूल्यांकन करून ते पालकांसमोर ठेवावे, मैदान आणि मुख्य रस्त्याकडील प्रवेशद्वार कोणत्याही योजनेत कायम राहावे, आणि प्रस्ताव शाळेच्या विकास आराखड्यात आल्याशिवाय पुढे नेऊ नये. शिक्षण विभाग आणि बांधकाम विभाग यांच्यात पत्रव्यवहार चालला. 2027 च्या सिंहस्थाच्या कामांची यादी समोर असताना एका प्राथमिक शाळेसाठी स्वतःचा निधी काढणे प्रशासनाला सोपे नव्हते, हे मान्य करायला हवे. मूल्यांकनाचा आग्रह टिकून राहिल्यावर विकसकाने प्रस्तावात रस दाखवणे कमी केले आणि तो मागे पडला. त्याला कोणी नाकारले नाही. हिशेब मांडायची वेळ आल्यावर तो आपोआप थांबला.

अखेर काम दोन भागांत विभागले गेले. धोकादायक पहिला मजला उतरवून, तळमजल्याचे मजबुतीकरण करून बाजूला नव्या खोल्यांची स्वतंत्र इमारत महापालिकेने स्वतःच्या अंदाजपत्रकातून, टप्प्याटप्प्याने, निविदा काढून बांधायची. कंपनीने नामकरणाचा आग्रह सोडून सर्वसाधारण पालकत्व स्वीकारले आणि नव्या इमारतीतली स्वच्छतागृहे, पाण्याची व्यवस्था व प्रयोगशाळा यांची उभारणी आणि 5 वर्षांची देखभाल आपल्याकडे घेतली. देखभालीचे कलम या वेळी दीड पानांचे झाले: कोणता बिघाड किती दिवसांत दुरुस्त करायचा, तक्रार कोणत्या वहीत नोंदवायची, कंपनीकडून कोणत्या पदावरची व्यक्ती उत्तर देईल आणि मुदत टळल्यास मुख्याध्यापकांनी बाहेरून काम करून घेऊन बिल कुठे पाठवायचे, हे सर्व त्यात आहे. कंपनीच्या अधिकाऱ्यांनीच आपल्या कारखान्यातील यंत्रदेखभालीचा नमुना त्यासाठी आणून दिला. खासगी क्षेत्राकडून शाळेला पैशाइतकीच ही शिस्तही मिळू शकते, आणि या प्रकरणात ती मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे.

या मार्गाला वेळ लागतो, हा विकसकाच्या बाजूने केलेला युक्तिवाद खोटा ठरला नाही. पहिल्या टप्प्यातील खोल्या वापरात आल्या तरी दुसरा टप्पा पुढच्या अंदाजपत्रकावर अवलंबून राहिला आणि वरच्या वर्गांची दोन अधिवेशने चालूच राहिली. ज्या मुली भावंडांसाठी घरी थांबत होत्या, त्यांपैकी सगळ्यांची हजेरी अजून पूर्ववत झालेली नाही.

दुसरी उणीव 5 वर्षांनंतरची आहे. कंपनीचे पालकत्व संपल्यावर स्वच्छतागृहांची सफाई, पाण्याच्या यंत्रणेची दुरुस्ती आणि प्रयोगशाळेतील साहित्य यांचा खर्च महापालिकेने कोणत्या लेखाशीर्षाखाली करायचा, हे करारात लिहिलेले नाही. समितीने शिक्षण विभागाच्या अंदाजपत्रकात या शाळेच्या देखभालीसाठी स्वतंत्र तरतूद आतापासून दाखवावी, अशी मागणी केली आहे. पालक सदस्यांची मुदत 2 वर्षांची असते आणि मुले पुढच्या शाळेत गेली की आजचे सदस्य जातील, म्हणून अध्यक्षा ताईंनी ठराव, नकाशा, पत्रव्यवहार आणि देखभालीच्या कलमाची प्रत अशी एक फाईल करून ती मुख्याध्यापिकांच्या कपाटात ठेवली आहे. तरतुदीच्या मागणीवर विभागाचे लेखी उत्तर हे वृत्त लिहीपर्यंत आलेले नाही.